पोटाने धाडलेला निरोप

रुग्णालयातला पाठीमागे बांधायचा झगा एकाच मापात सगळ्यांना होतो, असं ज्या कोणी ठरवलं होतं त्याने शिवणताईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने त्याला तळघरातल्या आपल्या खोलीत बसवून घेतलं असतं आणि सांगितलं असतं, की जाड माणसाच्या पाठीवर तो झगा वीतभर उघडा राहतो, आणि तपासणीला निघालेला तो माणूस एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने आपली अब्रू धरून चालतो. पण विचारलं कोणीच नाही, म्हणून तिने परस्पर काम सुरू केलं. विरलेल्या चादरींमधला धड भाग कापून घ्यायचा, झग्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे पट्टे जोडायचे, नाड्या लांब करायच्या. असे झगे ती वेगळ्या कप्प्यात ठेवायची. वरून नर्सचा फोन यायचा, "शिवणताई, तुमच्यातला एक पाठवा बरं." तुमच्यातला म्हणजे तुम्ही शिवलेल्यांतला, एवढंच त्या बिचारीला म्हणायचं असे. पण ताईच्या मनात दर वेळी एक बारीकशी टाचणी टोचून जाई. कारण तिचं स्वतःचं वजन होतं एकशे आठ किलो.

वय एक्कावन्न, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धुलाईखान्याला लागून असलेल्या त्या लांबट खोलीत ती बावीस वर्षं शिवत होती. खोलीत दोन मशीनं, एक मोठं कापायचं टेबल, भिंतीला छतापर्यंत कप्पे. भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं दिवसभर घुमायची आणि फरशी तिच्या पायाखाली हलकेच थरथरायची. नजर इतकी सरावलेली, की नुसतं पाहूनच तिला माप कळे. वॉर्डाचा पडदा किती बोटं आखूड आहे, ते ती दारातून सांगायची. माणसांचीही मापं कळायची. ती मापं मात्र ताई मनातच ठेवायची.

घरी ती आणि तिची धाकटी बहीण, दोघीच राहत. धाकटी शाळेत खेळ शिकवायची. काडीसारखी, तुरतुर चालणारी, गळ्यात शिट्टी. लग्न तिने केलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी विचारलेलं तिला खपत नसे. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. ताईला ती जेवण वाढून द्यायची, आणि वाढून द्यायची म्हणजे मोजून. दोन डाव भात, वाटीभर भाजी, एक अंडं, आणि पातेलं लगेच झाकून ओट्याच्या पार टोकाला. "ताई, पोट भरलं आता तुझं," असं तीच सांगायची, जणू पोट तिचंच होतं.

"भरलं," ताई म्हणायची.

भरलेलं नसायचं. लहानपणापासून कधी भरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. पोट ताणलं जायचं, जड व्हायचं, दुखायचंसुद्धा, पण "आता नको" असं आतून कोणी म्हणत नसे. लहानपणी ती आईला म्हणायची, "मला अजून भूक आहे," तेव्हा आई म्हणे, "भूक नाही, हावरटपणा आहे तो." आईचं बोलणं खोटं कसं असेल? तिने ते मान्य करून टाकलं. शिवणखोलीत बटणांच्या डब्यामागे बिस्किटांचा एक डबा असायचा. अकरा वाजले की ती दार लोटून घेई आणि पाठमोरी उभी राहून खाई. खोलीत तिच्याशिवाय कोणी नसतानाही पाठमोरी.

असं नाही की तिने प्रयत्न केले नाहीत. अठ्ठाविसाव्या वर्षी तिने जे मनावर घेतलं ते असं, की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. वर्षभर अर्धपोटी राहिली. चोवीस किलो उतरली. शेजारपाजारचे थांबवून कौतुक करायचे, नवऱ्याने नवा कोट घेऊन दिला. पण त्या कोटातही तिला हुडहुडी भरायची. केस हातात यायचे, जिना चढताना पाय ओढत, आणि भूक तर अशी, की दुसऱ्यांचे कपडे शिवताना ती डोक्यात सारखी जेवणाची ताटं मांडत बसायची. दोन वर्षांत चोवीसचे तीस होऊन परत आले. कौतुक करणारे तेच लोक मग नजर चुकवू लागले. "थोडंच राहिलं होतं गं, धीर धरायचा होतास," धाकटी म्हणाली होती. ते वाक्य ताईच्या मनात घर करून बसलं.

तर एक दिवस सकाळी तिच्या खोलीत एक डॉक्टर आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधन विभागातल्या. ठेंगण्याशा, घाईच्या, चष्मा डोक्यावर आणि शोधताहेत खिशात. हातात पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा मोठा घेर होता, कडेला फाटलेला.

"शिवणताई तुम्हीच ना? हे शिवता येईल का?"

ताईने तो घेर उजेडासमोर धरला. "शिवायचं नाही हे. सुईने भोकं पडतील. आतून पट्टी चिकटवते आणि खालच्या कडेला मऊ कापडाची मगजी लावते. त्या मगजीत बारीक साखळी घातली की वजनाने गादीला चापून बसेल. पण हे आहे काय?"

"माणसाच्या डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवतो आम्ही, त्याचा हा खालचा घेर. हवा गळता कामा नये. एवढीशी गळाली तरी सगळं मोजमाप फुकट."

"कसलं मोजमाप?"

"माणूस काहीच करत नसताना किती जळतो, त्याचं."

ताई हसली. "आमच्या गल्लीत या. शेजाऱ्याने नवा पंखा आणला तरी लोक बसल्या जागी जळतात."

डॉक्टरही खळखळून हसल्या, आणि मग तिथेच स्टुलावर टेकून त्यांनी सांगितलं. माणूस निपचित पडलेला असतो तेव्हाही हृदय रक्त ढकलत असतं, मूत्रपिंडं गाळत असतात, यकृत धुमसत असतं, मेंदू क्षणभरही गप्प नसतो. या सगळ्याला जळण लागतं. किती लागतं, ते श्वासावरून कळतं. किती प्राणवायू आत गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला, एवढं मोजलं की हिशेब लागतो.

ताईची कात्री हातातच राहिली. श्वासावरून! बावीस वर्षं ती याच इमारतीत होती, आणि वर तिसऱ्या मजल्यावर कोणी माणसांचे श्वास मोजतंय, याचा तिला पत्ता नव्हता.

दोन दिवसांनी ती घेर घेऊन स्वतः वर गेली. घुमटाला तो बसवला, कडेने हात फिरवून पाहिला. कुठेही फट नव्हती. डॉक्टर खूश झाल्या, आणि मग जरा अडखळत म्हणाल्या, "ताई, रागावणार नसाल तर एक विचारू? जास्त वजनाच्या लोकांच्या आतड्यांत तयार होणारी संप्रेरकं आणि हे विश्रांतीतलं जळणं, दोन्हींचा अभ्यास चाललाय आमचा. तुम्ही याल का त्यात?"

ताईचा चेहरा उतरला. डॉक्टर आणि वजन हे दोन शब्द एकत्र आले की पुढे काय येतं, ते तिला तोंडपाठ होतं. "शेवटी मला कमी खा असंच सांगणार असाल, तर आत्ताच सांगून टाका. तेवढीच माझी सकाळ वाचेल."

"नाही सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आत काय चाललंय ते मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून तर मोजायचंय."

आजवर एकाही डॉक्टरने ताईला "मला माहीत नाही" असं म्हटलं नव्हतं. ती हो म्हणाली.

तुलनेसाठी घरातलंच कोणी सडपातळ मिळालं तर हवं होतं. धाकटी एका पायावर तयार झाली. "बरंच आहे. एकदाचं कळू दे सगळ्यांना," ती म्हणाली. काय कळू दे, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

दोघी ठरल्या दिवशी सकाळी सात वाजता उपाशीपोटी हजर झाल्या. खोली लहान, भिंती फिक्कट निळ्या, खिडकीवर जाड पडदा. त्याची खालची दुमड ताईनेच घातलेली होती. आधी धाकटीचं झालं. मग ताई पलंगावर आडवी झाली आणि डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्यावर तो पारदर्शक घुमट ठेवून घेर गादीवर चापून बसवला.

"अर्धा तास. हलायचं नाही, बोलायचं नाही, झोपायचंही नाही. फक्त पडून राहायचं."

ताईला आठवेना, याआधी कोणी तिला नुसतं पडून राहायला कधी सांगितलं होतं. सगळे चाल म्हणायचे, हल म्हणायचे, धाव म्हणायचे. एक बारीक पंखा घुमटातली हवा हळूहळू ओढून नळीतून यंत्रात नेत होता. सुरुवातीला तिला वाटलं, इथे काहीच घडत नाहीये. मग हळूहळू एकेक गोष्ट जाणवू लागली. कानात स्वतःचेच ठोके. मानेजवळ उडणारी शीर. पोटात कुठेतरी गुडगुडून पुढे सरकलेलं पाणी. डोळे उघडे, समोर पांढरं छत, आणि आत एवढी वर्दळ! हे सगळं कोण करतंय? मी तर करत नाहीये. मी तर पडलेय. हे एक्कावन्न वर्षं असंच चाललंय आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि हलायचं नाही हे आठवून ती तशीच राहिली.

घुमट काढल्यावर डॉक्टरांनी पडदा थोडा सारला आणि आकडा सांगितला. "दिवसभर तुम्ही नुसत्या अशा पडून राहिलात, तरी सोळाशे सत्तर कॅलरी जाळाल. म्हणजे साधारण ऐंशी वॅट. जुन्या दिव्याइतकं."

"आणि हिचं?"

"अकराशे पन्नास. पंचावन्न वॅट."

धाकटी खुर्चीतून पुढे सरकली. "असं कसं? उलटं झालंय ते. ताईचं मंद असणार. जाड लोकांचं जळण मंदच असतं ना?"

"सगळ्यांनाच तसं वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण शरीर मोठं, तर काम मोठं. जास्त ऊतींना रक्त पुरवायचं, जास्त भार सांभाळायचा. तुमच्या ताई बसल्या जागी तुमच्यापेक्षा दीडपट जाळतात. त्यांच्या वजनाला, वयाला जेवढं असायला हवं, तेवढंच आहे ते. काही मंद नाही."

ताई आपल्या हाताकडे बघत होती, जाड मनगटाकडे, शिवणकामाने घट्टे पडलेल्या बोटांकडे. ऐंशी वॅट. उभं आयुष्य तिने या देहाला आळशी म्हणून हिणवलं होतं.

मग दुसरा भाग सुरू झाला. दोघींच्या हाताला सुई टोचून नळी ठेवली. उपाशीपोटीचं रक्त काढलं. नंतर दोघींना एकेक बाटली दिली, गोडसर, दुधासारखं घट्ट पेय, दोघींना अगदी सारखंच. पुढचे तीन तास ठरावीक वेळाने रक्त काढायचं आणि दर वेळी एका कागदावर खूण करायची. कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला लिहिलेलं, "मुळीच भूक नाही." उजव्या टोकाला, "प्रचंड भूक."

उपाशीपोटी दोघींनीही उजवीकडे खुणा केल्या. पेय प्यायल्यावर धाकटीने नाक मुरडलं. "बाई गं, शेवटचे दोन घोट जिवावर आले माझ्या." तिची खूण रेघेच्या डाव्या टोकाला जाऊन बसली आणि तीन तास तिथून फारशी हललीच नाही.

ताईने बाटली रिकामी केली होती. अर्ध्या तासाने कागद हातात आला. तिने आत कान लावला. भूक होती. थोडी खाली बसल्यासारखी वाटली होती, पण होती. खरी खूण साडेपाच सेंटिमीटरवर पडायला हवी होती, हे तिच्या नजरेला न मोजताच कळत होतं. पण समोर धाकटी बसली होती, मान वाकडी करून कागदाकडे बघत. ताईने पेन्सिल डावीकडे नेली आणि एक सेंटिमीटरवर खूण केली. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. मापावर जिचं आयुष्य गेलं, त्या बाईने त्या सकाळी एकामागून एक खोटी मापं लिहिली.

रक्ताच्या तपासण्या लगेच होणार नव्हत्या. नमुने गोठवून ठेवायचे, सगळ्यांचे जमले की एकदम तपासायचे. दोन महिने गेले. ताई आपल्या कामाला लागली, पण तिच्यात एक बदल झाला होता. पडदे लावायला वॉर्डात गेली, की ती झोपलेल्या रुग्णांकडे बघत उभी राहायची. कोणी म्हातारा तोंड उघडं टाकून पडलेला, कोणी बाई भिंतीकडे तोंड करून. बाहेरून सगळं शांत. आत मात्र सगळ्यांचेच दिवे लागलेले, कोणाचा साठ वॅट, कोणाचा नव्वद. एकदा नर्स म्हणाली, "ताई, काय बघताय एवढं?" ताई म्हणाली, "केवढं काम चाललंय बघ गं इथे." नर्सने इकडेतिकडे पाहिलं. काम करताना तिला कोणीच दिसलं नाही.

मग डॉक्टरांचा निरोप आला. दोघी बहिणी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसल्या. टेबलावर कागद होते, त्यांवर रंगीत रेघा.

"आपल्या जठराच्या अस्तरात काही पेशी असतात," डॉक्टर म्हणाल्या, "पोट रिकामं झालं की त्या रक्तात एक संप्रेरक सोडतात. घ्रेलिन त्याचं नाव. ते मेंदूला सांगतं, खायला बघ. जेवलं की ते उतरतं. आणि आतड्यांत दुसऱ्या काही पेशी असतात, शंभरात एखादीच, इकडेतिकडे विखुरलेल्या. अन्न त्यांच्यापाशी पोचलं की त्या उलटा निरोप धाडतात, पुरे आता."

"शंभरात एकच?" ताईने विचारलं.

"एकच. आणि निरोप तरी केवढा? चमचाभर रक्तात एका ग्रॅमचा जेमतेम अब्जावा भाग. पण तो पोचला तर माणूस ताट सारतो, आणि नाही पोचला तर..." त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "ही तुमची बहीण. पेय प्यायल्यावर भुकेची रेघ बघा कशी खाली गेली. आणि पुरे म्हणणारी कशी उसळली, डोंगरासारखी. आता या तुमच्या रेघा."

ताईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रेघा वाचणं हे तर तिचंच काम. एक रेघ जिथे होती तिथून बोटभरही उतरली नव्हती. दुसरी किंचित उचलली गेली होती आणि लगेच जमिनीला टेकली होती.

"एक सांगते," डॉक्टर म्हणाल्या, "हे एका सकाळचं मोजमाप आहे. भूक रक्तात सरळसरळ मोजता येत नाही, आणि वजन वाढण्यामागे इतरही बरंच काही असतं. आधी रेघा अशा झाल्या म्हणून वजन वाढलं, की वजन वाढल्यावर रेघा अशा झाल्या, तेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक कोडं मला सुटत नाहीये." त्यांनी भुकेच्या खुणांचे कागद काढले. "रक्त म्हणतंय, तुमच्यापर्यंत निरोप धड पोचलाच नाही. आणि कागदावर तुम्ही लिहिलंय, भूक नाही. ताई, खरंच नव्हती का?"

ताईने साडीचा काठ बोटांत धरला आणि त्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली.

"होती," ती शेवटी म्हणाली.

"किती?"

ताईने तो कागद पुढे ओढला आणि साडेपाच सेंटिमीटरवर नख टेकवलं. "इथे. आणि तीन तासांनंतर इथे." नख आणखी उजवीकडे सरकलं. "मी खोटं लिहिलं. लाज वाटली."

"मग तू लहानपणी..." धाकटीचा आवाज चिरका झाला. ती डॉक्टरांकडे बघत नव्हती. "आईला म्हणायचीस, अजून भूक आहे म्हणून. तेव्हा खरंच असायची?"

"असायची."

"आणि मी रोज पातेलं झाकून ठेवते, तेव्हा?"

ताईने मान हलवली. होय म्हणणारी.

आयुष्यभर शिट्टी वाजवून दुसऱ्यांना पळवणारी ती बाई तिथे खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. "मला वाटायचं मी मनाने घट्ट आहे," ती हुंदके देत म्हणाली. "मला वाटायचं मी संयमाने थांबते. मला तर आतूनच कोणी थांबवतंय की!"

ताईला वाईट वाटलं असेल असं वाटेल कोणाला. तिला वाईट वाटलं नाही. ती त्या रेघांकडे बघत राहिली होती आणि तिचे डोळे विस्फारले होते. एवढी वर्षं तिने ज्याला आपला दुर्गुण मानलं होतं, त्याला एक आकार होता. तो कागदावर होता. ग्रॅमच्या अब्जाव्या भागातला एक निरोप, शंभरातल्या एका पेशीने धाडायचा, आणि त्याच्या जोरावर माणसं एकमेकांना हावरट म्हणतात नाहीतर संयमी म्हणतात. तिने डॉक्टरांना अठ्ठाविसाव्या वर्षाची गोष्ट सांगितली, थंडी, गळणारे केस, डोक्यात मांडलेली ताटं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं.

"वजन भराभर उतरलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडला," त्या म्हणाल्या. "मग ते जळण कमी करतं, असायला हवं त्याहूनही कमी. आणि भुकेचं संप्रेरक वाढवतं. तुम्ही एका वर्षात थकलात, ताई. ते थकत नाही. ते तुम्हाला वाचवायला बघत होतं."

"वाचवायला!" ताई म्हणाली.

त्यानंतर घरात पातेलं टेबलाच्या मधोमध येऊन बसलं. धाकटी आता सांगत नसे, विचारत असे. "ताई, कितपत आहे अजून?" आणि ताई खरं सांगे. "चार सेंटिमीटर." दोघी हसत. गंमत अशी, की खरं सांगता येऊ लागल्यावर अकराच्या बिस्किटांची ओढ निम्म्याने ओसरली. वजन मात्र फारसं हललं नाही.

पुढच्या वर्षी ताईचे गुडघे बोलू लागले आणि साखरही काठावर आली. तेव्हा रुग्णालयातल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी तिला आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. आतडी जो निरोप धाडतात त्याचीच नक्कल करणारं औषध, असं त्यांनी सांगितलं. पहिले तीन आठवडे मळमळीने तिचा जीव मेटाकुटीला आला. डोस हळूहळू वाढवत नेला. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर मधूनमधून तिला घुमटाखाली झोपवून जळण किती उतरतंय ते बघत आणि बजावत, "प्रथिनं सोडायची नाहीत, आणि जिने चढायचे. स्नायू टिकले पाहिजेत." वर्षाअखेर तेरा किलो कमी झाले. अजूनही ती जाडच होती, आणि आपल्याच कप्प्यातले रुंद झगे अजूनही तिला हवे तसे बसत.

पण जी गोष्ट ती पुढे सगळ्यांना सांगत राहिली ती तेरा किलोंची नव्हती. ती एका साध्या दुपारची होती, औषध सुरू झाल्याला दोनेक महिने झाले होते तेव्हाची.

सुट्टीचा दिवस होता. खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. दोघी जेवायला बसल्या होत्या. भात, भाजी, उकडलेली अंडी. धाकटी शाळेतल्या कुठल्याशा स्पर्धेबद्दल सांगत होती. ताई ऐकत होती, जेवत होती, आणि मध्येच थांबली. चमचा वाटीत तसाच. ताटात अर्धा भात शिल्लक.

"काय गं?" धाकटी घाबरली. "मळमळतंय का?"

"नाही." ताईने हात वर केला, जणू कोणीतरी बोलतंय आणि तिला ते ऐकायचंय. "गप्प बस जरा."

धाकटी गप्प बसली. ताईचा चेहरा असा झाला होता, की तो तिने पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"नको वाटतंय," ताई हळूच म्हणाली. "भात नको वाटतोय. दुखत नाहीये, जड नाही, कंटाळा नाही. चांगला लागतोय, तरी नको वाटतोय. आतून." तिने छातीच्या जरा खाली हात ठेवला. "असं असतं होय पोट भरणं?"

धाकटीने मान डोलावली.

"तुला रोज असं वाटतं?"

"रोज."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"अगं मग कधी सांगितलं नाहीस मला!"

"मला काय ठाऊक," धाकटी म्हणाली, "की हे सांगण्यासारखं असतं."

ताई बराच वेळ तशीच बसून राहिली. भात निवला, ऊन टेबलावरून सरकून फरशीवर उतरलं. बावन्न वर्षांच्या त्या बाईला उठवेना.